परिप्रश्न गाळून सांगणाऱ्यांपासून सावध

महाराष्ट्रात अनुग्रह, नाम, सत्संग या शब्दांआडून जी फसवणूक चालते, तिची सुरुवात खोट्याने होत नाही. पहिल्यांदा हाती पडतं ते बहुधा खरंच असतं. तीन दिवसांचं विनामूल्य शिबिर, पहाटे उठणं, हरिपाठ, ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायावर बऱ्यापैकी निरूपण, थोडं मौन, फोन बंद. एवढ्याने माणसाला खरोखर बरं वाटतं. झोप लागते, चिडचिड कमी होते. चार माणसांबरोबर एका तालात टाळ धरला की मन हलकं होतं, हे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी अनुभवलेलं आहे आणि त्यात कोणाची करामत नाही. फसवणूक सुरू होते ती यानंतर. हरिपाठाने जे झालं ते 'महाराजांच्या कृपेने' झालं असं सांगितलं जातं, आणि सांगणारे सहसा महाराज स्वतः नसतात, शेजारी बसलेला जुना साधक असतो. श्रेय एकदा त्या माणसाच्या नावावर चढलं की पुढची सगळी वसुली त्या श्रेयावर होते.

'एवढी शिकलेली माणसं कशी फसतात' असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. शिकलेला माणूस स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवतो, आणि अनुभव खरा होता. चुकलं ते कारण जोडण्यात.

नावनोंदणीचा फॉर्म नीट वाचा. प्रवचनाला नाव आणि फोन नंबर पुरतो, गावच्या सप्ताहात तर तेवढंही कोणी विचारत नाही. फॉर्मवर जन्मवेळ, घरातली माणसं, आजार, कर्ज, 'येण्याचं कारण' असे रकाने असतील तर ती माहिती कोणाकडे जाते हे विचारा. पंगतीत स्वयंसेवक आपुलकीने चौकशी करतात ती वेगळीच. मग आठ-पंधरा दिवसांनी दर्शनाच्या वेळी 'तुमच्या धाकट्याचं लग्न अडलंय' असं कानावर आलं की अंगावर काटा येतो, कारण तोवर आपण काय लिहून दिलं होतं ते विसरलेलो असतो. माहिती नसेल तेव्हा 'घरात एका बाईला पोटाचं दुखणं आहे', 'भावकीत जमिनीवरून कुरबुर आहे' अशी वाक्यं टाकली जातात. यातलं एकही लागू नाही असं घर शोधावंच लागेल. न लागलेली वाक्यं आपण सोडून देतो, लागलेलं एक आयुष्यभर सांगत बसतो.

चमत्कारांबद्दल थोडक्यात. नारळ पाणी शिंपडताच पेटतो कारण शेंड्यांमध्ये सोडियमचा तुकडा लपवलेला असतो. लिंबातून 'रक्त' येतं कारण सुरीला जास्वंदीच्या फुलाचा रस चोळून वाळवलेला असतो आणि लिंबाच्या आंबटपणाने तो लाल होतो. मंत्राने होम पेटतो तेव्हा समिधांखाली पोटॅशियम परमँगनेट असतं आणि वरून तूप म्हणून ग्लिसरीन सोडलं जातं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते असे प्रयोग गावोगाव करून दाखवत आले आहेत. हल्ली मात्र शहरी मंडळींसाठी नारळ लागत नाही. 'ऊर्जा', 'कंपनं', 'पेशींची स्मृती' असे शब्द तेच काम करतात.

खरा धोका एकांतात आहे. 'खास भेट' ठरते, कानात मंत्र दिला जातो आणि तो कोणाला सांगितला तर फळ जातं असं बजावलं जातं. या अटीमुळे दोन माणसं आपापले मंत्र कधी ताडून पाहत नाहीत आणि घरच्यांशीही बोलत नाहीत. कानात मंत्र देण्याची पद्धत जुनी आहे, ती मुळात लबाडी नव्हे. पण गुप्तता हीच परंपरा आहे असं कोणी सांगू लागलं तर तुकोबांचा अनुग्रहाचा अभंग काढून दाखवा. गुरूंचं नाव बाबाजी, मंत्र 'राम कृष्ण हरि', दिवस माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. सगळं त्यांनी उघड सांगून टाकलेलं आहे आणि आज लाखो लोक तोच मंत्र रस्त्याने गात चालतात. फळ कुठे गेलं नाही. बाई एकटी असेल आणि भेट बंद दाराआड असेल, सोबतच्या माणसाला बाहेर थांबवलं असेल, तर तिथून त्या क्षणी उठावं, मान-अपमानाचा विचार करू नये.

यानंतर दोष निघतो. पितृदोष, करणी, वास्तू. पहिली दक्षिणा 'स्वेच्छेने' असते. मग २१ दिवसांचं अनुष्ठान, मग 'त्यात खंड पडला म्हणून उलटलं', मग मोठा विधी. अनुष्ठान अर्धं सोडलं तर घरावर संकट येईल ही भीती घातली की माणूस पैशासाठी थांबत नाही, ठेव मोडतो. दागिने 'शुद्ध करून' गाठोड्यात बांधून परत दिले जातात आणि २१ किंवा ४१ दिवस उघडू नका म्हणतात. ते दिवस पळून जाण्यासाठी असतात. गुप्तधन आणि 'पैशांचा पाऊस' ही याचीच मोठी रूपं. सर्वांत भारी नुकसान मात्र कागदावर होतं: शेताचं किंवा घराचं बक्षीसपत्र. नोंदणी झालेलं बक्षीसपत्र 'मला परत हवं' म्हणून परत होत नाही, ते रद्द करायला दिवाणी न्यायालयात जावं लागतं आणि मुदत फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांची असते. सही करण्यापूर्वी मसुदा तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा, संस्थेने सुचवलेल्या वकिलाला नव्हे.

पैसा लागतोच, हेही मान्य करायला हवं. मंडप, स्वयंपाक, छपाई, वीज यांचा खर्च कोणीतरी उचलतो. खर्चाची वर्गणी आणि फळाची किंमत यांत फरक आहे. 'मंडपाला इतके लागले' असं सांगून पावती देणारा हिशेबाला बांधलेला असतो. 'इतके दिलेत तर मुलगा पास होईल' म्हणणारा कशालाच बांधलेला नसतो.

एवढं होईपर्यंत शंका येतेच, आणि ती गप्प करायला गीतेचं वाक्य तयार असतं: संशयात्मा विनश्यति. हा चौथ्या अध्यायातला ४० वा श्लोक. त्याच अध्यायात सहा श्लोक मागे जा. ३४ व्या श्लोकात ज्ञान कसं मिळवावं ते सांगितलं आहे: प्रणिपात, परिप्रश्न, सेवा. नमस्कार करा, उलटसुलट प्रश्न विचारा, सेवा करा. भोंदू माणूस पहिलं आणि तिसरं पाठ करून घेतो आणि मधलं गाळतो. नमस्काराला रांग असते, सेवेला वेळापत्रक असतं, प्रश्नाला जागाच ठेवलेली नसते. आणि अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर, कृष्ण अर्जुनाला काय म्हणतो? यावर पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. प्रत्यक्ष भगवंत शिष्याला निवडीची मोकळीक देतो. तुमचे महाराज देतात का, हे एकदा करून पाहा. सभेत, सर्वांसमोर, नम्रपणे एक साधा प्रश्न विचारा: हे कोणत्या ग्रंथात आहे? उत्तर चुकीचं असलं तरी चालेल. उत्तराऐवजी तुमच्या श्रद्धेची चौकशी सुरू झाली तर तुम्हाला हवं ते कळलं.

संतांनी ही पारख करायची साधनं आधीच हाती दिली आहेत आणि ती आजच्या कोणत्याही टीकेपेक्षा कडक आहेत. रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात, गुरुलक्षणाच्या समासात, करामती दाखवणारेही गुरू म्हणवतात पण ते मोक्ष देणारे सद्गुरू नव्हेत, असं पहिल्याच ओवीत सांगून टाकलं. पुढे जे शिष्याला साधन करायला लावत नाहीत, इंद्रियदमन करवत नाहीत, त्यांच्याबद्दल म्हटलं: 'ऐसे गुरु अडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे.' अडका म्हणजे अगदी क्षुद्र नाणं. ही कसोटी फार व्यवहारी आहे. सहा महिन्यांत तुम्हाला रोज स्वतः करण्यासारखं काय मिळालं? की फक्त यायला, बसायला, द्यायला सांगितलं गेलं? तुकोबांनी तर कीर्तनकारासाठी नियमच घालून दिला: जिथे कीर्तन करावं तिथे अन्न घेऊ नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, घोड्याबैलाला दाणावैरणही मागू नये. आणि शेवटी द्रव्य घेणारे व देणारे दोघेही नरकात जातील असं म्हटलं. देणाऱ्यालाही त्यांनी सोडलेलं नाही, हे वाचताना आपण घाईने पुढे जातो.

मग संतचरित्रांतल्या चमत्कारांचं काय? त्या कथा आहेत, त्यांवर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण चालवलेल्या भिंतीचं तिकीट कोणी लावलं नव्हतं.

कायदाही हाच फरक करतो. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं, साप-कुत्रा चावल्यावर उपचारांपासून अडवून मंत्र घालणं, अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून लैंगिक शोषण करणं हे त्यात गुन्हे आहेत. ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्याच कायद्यात वारी, प्रदक्षिणा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असंही स्पष्ट लिहिलेलं आहे. तक्रार केली तर धर्माविरुद्ध गेल्यासारखं होईल, या भीतीने लोक पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत. त्यांनी ते कलम वाचावं.

तक्रारीआधी कोणाला जाब विचारायला जाऊ नका, पुरावे नाहीसे होतात. मेसेज, आवाजाचे संदेश, पावत्या, बँकेचं विवरणपत्र, यूपीआयचा व्यवहार क्रमांक यांच्या प्रती घरच्या एका माणसाकडे ठेवा. तारीखवार एक पान लिहा: कधी, कोणासमोर, काय सांगून, किती घेतले. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ फोन करा, त्यात तासांचा हिशेब असतो. पोलिसांत फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. संस्था न्यास म्हणून नोंदलेली आहे का आणि हिशेब दाखल होतात का, हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कळतं. 'देणगी करमुक्त आहे' असं सांगून मोठी रक्कम रोख मागितली तर तिथेच थांबा, कारण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळतच नाही. औषधं बंद करायला सांगितली असतील तर आधी डॉक्टरांकडे जा, बाकी सगळं नंतर.

पैशांचं नुकसान मोजता येतं. दुसरं नुकसान असं की माणूस भोंदूबरोबर नामही टाकून देतो. हरिपाठ म्हणायला घेतला की तोच चेहरा आठवतो, म्हणून हरिपाठ बंद. घरातली ज्ञानेश्वरी माळ्यावर जाते. १२१२ शकात, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झालेला हा ग्रंथ त्या माणसाच्या मालकीचा कधीच नव्हता. पंढरपूरचंच पाहा. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ चा आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द २०१४ चा. इतकी शतकं कारभार असा चालला, आणि त्याच दाराबाहेर उभं राहून चोखोबा म्हणाले, 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा.' कारभार पाहून त्यांनी विठ्ठल सोडला नाही आणि विठ्ठलासाठी कारभाराला चांगलंही म्हटलं नाही.

हे वेगळं करायची एक रीत आहे. कागदावर तिथे शिकलेलं सगळं लिहा. प्रत्येकापुढे लिहा की हे छापील ग्रंथात किंवा इतर ठिकाणच्या साधकांतही सापडतं का. श्वासावर लक्ष, नामस्मरण, हरिपाठ, मौन, एकादशी हे सापडेल. मंतरलेलं पाणी, त्यांच्या फोटोवर त्राटक, लॉकेट, 'फक्त आमच्याकडेच' असलेली दीक्षा हे सापडणार नाही. मग महिनाभर फोटो, ध्वनिफिती आणि गट बाजूला ठेवून पहिल्यातलं एकच साधन रोज २० मिनिटं करा. बहुतेकांना मन तसंच शांत होताना दिसतं, आणि श्रेय कोणाचं होतं ते स्वतःच कळतं. काहींना मात्र या काळात भीती दाटून येते: मंत्र सोडला, आता घरात काहीतरी होणार. महिनाभरात एखादं दुखणं किंवा भांडण कुठल्याही घरात होतंच, त्याची सांगड घालू नका. भीतीने झोप उडाली असेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर बोला, ते विनामूल्य आहे.

गळ्यातल्या तुळशीच्या माळेचं काय करायचं, हे सगळ्यांत जास्त विचारलं जातं. माळ विठ्ठलाची, घालणाऱ्या हाताची नव्हे, ती टाकायचं कारण नाही. मनाला खुपत असेल तर मणी नव्या दोऱ्यात ओवून घ्या आणि दिंडीतल्या एखाद्या जुन्या वारकऱ्याकडून पुन्हा घालून घ्या. तो पैसे मागणार नाही. खरं बोला, व्यसन करू नका, वारी चुकवू नका, एवढंच सांगेल.