डोंगलचा माउस-कीबोर्ड की ब्लूटूथचा?

वायरलेस सेट घ्यायचाय आणि दोन्हींत अडकलात? (डोंगल म्हणजे सेटसोबत येणारा, यूएसबी पोर्टात खोचायचा छोटा रिसीव्हर.) मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात खोक्यावरची रेंज वाचून दाखवतील, ती सोडा. टेबलावर अंतर हातभरच असतं.

सिग्नल: दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि चाळ असो वा टॉवर, शेजारपाजारचे वायफायही तिथेच. ब्लूटूथ गर्दीचे चॅनेल टाळत उड्या मारतं. डोंगलचा खरा वैरी मात्र तुमच्याच मशीनवर असतो, तो म्हणजे यूएसबी ३.०. त्या पोर्टला हार्ड डिस्क लावली की तिचा गोंगाट २.४ वर सांडतो. पॉइंटर अडखळतो, अक्षरं गळतात. यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल माउसपासून वीतभर अंतरावर आणा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

ब्लूटूथचा त्रास झोपेचा. थोडा वेळ हात लावला नाही की पहिली हालचाल वाया जाते. जोडणी वारंवार तुटत असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली, वीज वाचवायला अडॅप्टर बंद करू देणारी खूण काढा, माउस ‘रिमूव्ह’ करून पुन्हा पेअर करा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, हा कीबोर्ड बहुधा चालतच नाही.

हरवणं: स्वस्त सेटचा डोंगल लोकलमध्ये पडला की सेट भंगारात.

सेल दोन्हींत सारखेच. पडून राहिले की गळतात, म्हणून पावसाळ्यात वापर नसेल तर काढून ठेवा.

घरचा डेस्कटॉप, गेमिंग, विंडोज टाकायचं काम: डोंगल. पोर्ट कमी असलेला लॅपटॉप, सोबत टॅबलेट, रोजचा प्रवास: ब्लूटूथ.