कोरा चहा: घरातली पावडर घ्यावी की अख्खी पत्ती?

दूध बंद केलं की पहिल्या आठवड्यात बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. नेहमीची पावडर नेहमीसारखीच खळखळा उकळतात, फक्त दूध घालत नाहीत. मग तो काळाकुट्ट काढा एक घोट घेऊन ‘कोरा चहा आपल्याला जमत नाही’ असं ठरतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कोरा चहा त्यांनी प्यायलेलाच नसतो.

आपली दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी. काटेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून त्याचे दाणे वळवण्याची ही रीत १९३०च्या दशकात आसामात सुरू झाली. बारीक दाण्यातून रंग आणि तुरटपणा झटकन उतरतो. द्राक्षाची साल नुसती चघळली की जीभ आवळते ना, त्याच जातीचा हा तुरटपणा. दुधातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात, म्हणून दुधाच्या चहाला ही पावडर उत्तम. अख्खी पत्ती मात्र चिरडलेली नसते, नुसती वळलेली असते. ती सावकाश उतरते आणि तिला वास जास्त असतो. दुकानात ‘ऑर्थोडॉक्स’ किंवा ‘लीफ’ म्हणून मागा.

साखर आणि लिंबू घालणार असाल तर पत्तीवर पैसे घालू नका, लिंबापुढे तिचा वास टिकत नाही. कपभर, म्हणजे साधारण २०० मिली पाणी उकळा, गॅस बंद करा, मग एक सपाट चमचा पावडर टाकून झाकण ठेवा. दोन मिनिटांत गाळायचंच.

साखरसुद्धा सोडायची असेल तर पत्तीच घ्या. ती फुगीर असते, म्हणून तेवढ्याच पाण्याला दीड चमचा. झाकून तीन ते चार मिनिटं. तीच पत्ती दुसऱ्या कपालाही चालते, तेव्हा मिनिटभर जास्त ठेवा. पावडरीत हे होत नाही. डिसेंबरात नाशिकच्या थंडीत कप आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर शेवटचे घोट गार होतात.

पत्तीतही निवड आहे. आसामची दाट आणि कडक, दुधाची सवय नुकतीच सुटलेल्याला जवळची वाटते. दार्जिलिंगची नाजूक, तिच्या पहिल्या तोडीला उकळतं पाणी नकोच, दोन-तीन मिनिटं निवू द्या. सुरुवातीला मी निलगिरीची सुचवेन. चव मोकळी असते आणि गार झाल्यावरही चहा सहसा गढूळ होत नाही, म्हणजे एप्रिल-मेमध्ये उरलेला चहा बर्फ घालून पिता येतो.

पत्ती महाग असली तरी पाणी चुकलं तर सगळं फुकट. बोअरचं पाणी जड असेल तर कपावर तेलकट दिसणारी साय धरते आणि वास दबतो. नाशकात गंगापूर धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर तेच वापरा. शंका असेल तर दोन्ही पाण्यांचा एकेक कप शेजारी ठेवून पाहा, साय दिसतेच.

जेवणाबरोबर मात्र पावडरीचा काय, पत्तीचा काय, कोणताच चहा नको, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासभर जाऊ द्या.

पहिल्यांदा शंभर ग्रॅमच घ्या. कपाला दोन ग्रॅम धरले तर पन्नास कप होतात.