ला पोसात पाच महिने: १८० डॉलर आणि एक खोटारडा दिवा

नोव्हेंबर ते मार्च आम्ही दोघं ॲरिझोनात, क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला ला पोसात ट्रेलर लावून राहिलो. जमीन बीएलएम या अमेरिकी सरकारी खात्याची, तिथे राहायचा मोसमाचा परवाना आम्हाला १८० डॉलरला पडला. दीडशे दिवसांनी भागलं तर रोजचा सव्वा डॉलरही पडत नाही. पाणी, कचरा, डंप स्टेशन (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) त्यातच. हुकअप, म्हणजे ट्रेलरला थेट वीज-पाण्याची जोडणी, नाहीत. सोलरवर वीज पुरली, विषय संपला.

मला बोलायचंय ते ग्रे टँकबद्दल, म्हणजे आंघोळीचं नि सिंकचं सांडपाणी साठवणाऱ्या टाकीबद्दल.

आमची ३० गॅलनची, म्हणजे साधारण ११४ लिटर. पाचव्याच दिवशी टाकी किती भरली ते दाखवणारं बटण दाबलं तर ‘फुल’चा लाल दिवा. मग काय, कपाटांना कड्या, जॅक वर, अख्खं घर गाडीला जोडा आणि निघा. जागा धरायला मागे दोन खुर्च्या नि पायपुसणं. डंप स्टेशनवर पुढे सहा ट्रेलर. रिकामी करून परत आलो, दाबलं बटण, दिवा तसाच लाल!

फिरता मेकॅनिक बोलावला. नुसतं येण्याचे १४० डॉलर! त्याने टाकीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, आत सेन्सरवर तेलकट थर बसलाय, टाकी रिकामी असली तरी त्या थरातून करंट जातो. ह्यांनी लगेच माझ्या फोडणीकडे बघितलं.

डिसेंबरभर मी सगळ्यांना सांगत होते, पैसे भरू नका. ला पोसाच्या बाहेर बीएलएमच्याच मोकळ्या जमिनीवर फुकटात १४ दिवस राहा, मग २५ मैल लांब जा. घर हलवायचंच आहे तर फुकट तरी हलवा.

ते मत आता मागे घेते. जानेवारीत आरव्ही शोची (राहत्या गाड्यांच्या प्रदर्शनाची) गर्दी झाली, डंपची रांग बघूनच मी शॉवर बंद केला. बादली आणि तांब्या! दोघांच्या आंघोळी त्यातच. ताटं आधी कागदाने पुसायची, मगच सिंकमध्ये. सांडपाणी जमिनीवर ओतायला बंदी आहे, तेव्हा वाचवायचं ते वापरतानाच. पाच दिवसांची टाकी अकरा दिवस जाऊ लागली. भरली की नाही ते खाली वाकून टकटक करून कळतं: रिकामी घुमते, भरलेली बद्द वाजते. १४० डॉलरमध्ये शिकले एवढंच.

पुढच्या मोसमाला परत जाणार, तिथेच. दिवा अजून लाल लागतो. मी त्यावर मोठी टिकली चिकटवून टाकली आहे.