मिनी फॅलेनॉप्सिस: रोप झकास, कुंडी भंगार

ऑनलाइन मागवलेलं मिनी फॅलेनॉप्सिस ऑर्किड. ४७५ रुपये, कुरिअर वेगळं. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पॅकिंगची ही पद्धत बहुतेकांची सारखीच असते.

रोप एक नंबर आलं. वीतभर पसारा, पानं जाड आणि टणक, गाभा कोरडा. फुलं चारेक सेंटिमीटरची, जांभळट गुलाबी. कळ्या मात्र निम्म्या वाटेतच पिवळ्या पडून गळाल्या. खोक्यातला अंधार, गाडीतला उकाडा, हे व्हायचंच. त्यापेक्षा बिनफुलांचं रोप मागवा, स्वस्तही पडतं.

आता कुंडी. पांढरी, चकचकीत, चिनी मातीची आणि खाली एक भोक नाही! आत प्लास्टिकचा पारदर्शक कप, त्यात स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) इतकं ठासून भरलेलं की बोट शिरेना. वरून कोरडं ठणठणीत, मध्ये चिंब. अहो, हे झाड रानात दुसऱ्या झाडाच्या सालीला धरून वाढतं. मुळांवर स्पंजासारखा थर असतो, तो पाणी प्याला की हिरवा दिसतो, वाळला की रुपेरी. त्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कपातली मधली मुळं मी चिमटीत धरून ओढली तर साल सुटून हातात आली आणि मागे नुसता दोरा राहिला. म्हणजे कुजायला सुरुवात झालेलीच होती.

सोबतच्या कार्डावर लिहिलंय, आठवड्याला तीन बर्फाचे खडे घाला. आमच्या नाशिकच्या मे महिन्यात? ते खडे पन्ह्यात घालते मी.

कुजकी मुळं कात्री विस्तवावर धरून मग कापली. कुंभारवाड्यातून चहूबाजूंनी भोकं असलेली मातीची कुंडी आणली, तीत लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरले. सोडण आधी भिजत घाला आणि तांबूस रंग उतरेपर्यंत पाणी बदलत राहा, नाहीतर त्यातला खार मुळांना बाधतो. पूर्वेच्या खिडकीत, जाळीच्या पडद्याआड ठेवलंय. मुळं रुपेरी झाली की सकाळी पाणी, गाभ्यात थेंब राहिला तर कापसाने टिपायचा. १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं) लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, तेही पानं वाढत असतानाच. पॅकेटावरचं प्रमाण कुंडीतल्या ऑर्किडसाठी नसतं.

दिवाळीनंतर रात्री गार होऊ लागल्या आणि पानाच्या बगलेतून दांडा निघाला. या जातीला फुलण्यासाठी काही आठवडे रात्रीचा गारवा हवाच, पारा अठरा-वीसच्या आसपास आला की बास. कडाक्याच्या थंडीत मात्र खिडकी लावून घ्यायची. डोंबिवलीच्या माझ्या बहिणीकडे याचंच भावंड आहे. पानं बघाल तर माझ्याहून देखणी, पण फूल नाही, कारण तिच्याकडे डिसेंबर उजाडला तरी रात्री पंखा चालू! यंदा ते एसीच्या खोलीत झोपणार आहे, मेहुण्यांची तक्रार नोंदवून घेण्यात आली आहे.

मुंबई-ठाण्याकडे हमखास फुलं हवी असतील तर याच पैशांत बुटकं डेंड्रोबियम, म्हणजे ऑर्किडचाच दुसरा प्रकार, घ्या. त्याला ऊन थोडं जास्त लागतं, पण रात्रीच्या उकाड्याचं काही वाटत नाही.