एक फाइल डिलीट होईना, म्हणून

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीची मी खजिनदार. ऑडिट तोंडावर आलं होतं आणि ताळेबंदाची एक चुकलेली एक्सेल फाइल लॅपटॉपवरून काढून टाकायची होती, नाहीतर ऑडिटरच्या हाती नेमकी तीच जायची. पण काही केल्या डिलीट होईना. दर वेळी तेच उत्तर, फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे. मी तर सगळं बंद केलं होतं. झाकण मिटून पुन्हा उघडूनही पाहिलं. झाकण मिटलं की लॅपटॉप नुसता झोपतो, बंद होत नाही, हे नंतर समजलं.

गूगलवर शोधलं. पहिलंच नाव उघडलं, त्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं असणार, पण बघतंय कोण! हट्टी फाइल काढणारं 'फुकट' सॉफ्टवेअर उतरवलं. त्याने फाइल राहिली बाजूला, लाल अक्षरांत शेकडो एरर दाखवल्या आणि खाली फोन नंबर दिला. एररच्या खिडकीत फोन नंबर दिसला की समजावं, मायक्रोसॉफ्ट असा नंबर कधीच देत नाही.

फोनवरचा माणूस फार गोड. "मॅडम, आपके नेटवर्क में कोई बैठा है." त्याने एक ॲप टाकायला लावून स्क्रीनचा ताबा घेतला, इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही उघडली, लाल खुणांची रांग दाखवली. अशा खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात, पण मी घाबरले. नेटबँकिंगने ४,९९९ रुपये भरले. 'व्हेरिफिकेशन'साठी मोबाइलवरही तेच ॲप टाकायला लावलं. मग स्क्रीन काळी झाली. "अपडेट चल रहा है, हाथ मत लगाइए." मी चहा टाकला. दूध वर येत असताना मेसेज आले, २५,००० गेले, मग १३,५००. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेला. ओटीपी मी कुणालाही सांगितला नव्हता, तो त्यांनी माझ्या मोबाइलवर माझ्याबरोबरच वाचला.

इथे मी दीड तास वाया घालवला, ह्यांना काय सांगू या विचारात. तुम्ही तसं करू नका. नेट तोडा, बँकेला सांगून खातं गोठवा आणि लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, मधेच अडले तर अडले. माझे ११,००० अडले आहेत, हातात अजून आलेले नाहीत.

रविवारी ऐरोलीहून भाचा आला. "मावशी, रीस्टार्ट केलं असतंस तरी काम झालं असतं गं." त्याने स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर उघडला, सीपीयूच्या टॅबखाली 'असोसिएटेड हँडल्स'मध्ये फाइलचं नाव टाकलं. फाइल धरून कोण बसलं होतं? एक्सेलच! खिडकी बंद झाली तरी आत चालूच राहिलेलं. टास्क मॅनेजरमधून एंड टास्क, मग डिलीट. दोन मिनिटं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज नावाच्या जोड-साधनांमध्ये फाइल लॉकस्मिथ म्हणून याच कामाची सोय फुकट आहे, म्हणाला. मात्र अडलेली फाइल विंडोज किंवा सिस्टम ३२ फोल्डरमधली असेल तर तिला हातच लावायचा नाही.

मग सोसायटीचा हिशोब पेनड्राइव्हवर घेऊन त्याने अख्खा लॅपटॉप फॉरमॅट केला. त्यांनी आत काय काय पेरून ठेवलंय, कुणास ठाऊक. नातवाच्या बारशाचे फोटो त्यात होते, ते पेनड्राइव्हवर घ्यायचे राहिले.