कोल्बे की स्टाइन-मायर: पानावर एकाचीच जागा असेल तर

धन्यवादित (कॅथलिक चर्चमधली संतपदाच्या आधीची पायरी) घोषित झालेल्या रक्तसाक्षींवर, म्हणजे श्रद्धेपायी मारल्या गेलेल्यांवर, तिकीटसंग्रहाचं पान करायला घेतलं की पश्चिम जर्मनीची दोन तिकिटं समोर येतात. १९७३चं ४० फेनिगचं माक्सिमिलियन कोल्बे आणि १९८८चं ८० फेनिगचं एडिथ स्टाइन-रुपर्ट मायर. खिशाला दोन्ही जड नाहीत. मला तर स्टाइन-मायर एका रविवारी जुन्या बाजारात सुट्या तिकिटांच्या डब्यात सापडलं. कडेचा एक दात आखूड, पण शिक्का अगदी कोपऱ्यात. (आपल्या वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया या बाबतीत कमनशिबी. ते धन्यवादित झाले १६२७ला, आणि जगातलं पहिलं टपाल तिकीट निघालं १८४०ला!)

मी आधी कोल्बेच लावलं होतं. माणूसच तसा. नाझींच्या आउशवित्झ छळछावणीतला कैदी क्रमांक १६६७०. दुसऱ्या कैद्याच्या जागी उपाशी मरायला स्वतःहून पुढे झाला. पाहणारा थबकतोच. पेठेतल्या एका छोट्या प्रदर्शनात एक निवृत्त सर थबकले, चष्मा कपाळावर सरकवून मथळा वाचला आणि म्हणाले, "अहो, पण १९७१ला ते रक्तसाक्षी म्हणून धन्यवादित झालेच नव्हते!"

बरोबर होतं त्यांचं. पोप सहाव्या पॉलनी १९७१ला कोल्बेंना धन्यवादित केलं ते श्रद्धेची साक्ष जगलेला धर्मगुरू म्हणून. रक्तसाक्षी हा मान दिला पोप दुसऱ्या जॉन पॉलनी, १९८२ला संतपद देताना. म्हणजे तिकीट निघालं त्या वेळच्या हिशोबाने माझा मथळाच खोटा. मग खाली टीप आली. टिपेला आणखी एक टीप. तिकीट नखाएवढं आणि खुलासा हातभर! तरी दर दुसरा माणूस तेच विचारायचा, आणि मी तेच सांगायचो. दोन दिवसांत घसा बसला.

स्टाइन-मायर निघालं तेच मुळी १९८७च्या सोहळ्यांसाठी. स्टाइन, जन्माने ज्यू आणि पुढे कॅथलिक जोगीण झालेल्या, कोलोनला रक्तसाक्षी म्हणून धन्यवादित झाल्या. जर्मन धर्मगुरू मायर मात्र रक्तसाक्षी नव्हेत. नाझींनी त्यांना तुरुंगात टाकलं, छळलं, पण ते वारले युद्ध संपल्यावर, १९४५च्या नोव्हेंबरात, मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी) चालू असताना. एवढी एक ओळ लिहिली की पुरतं. स्टाइनबाईंना मारलं ते ज्यू म्हणून की कॅथलिक म्हणून, हा वाद आहे आणि तो हलका नाही. पण निदान मथळा तिकिटाशी भांडत नाही.

चेहऱ्यावर जाणाऱ्याने कोल्बे घ्यावं, माझी ना नाही. उभं राहून बोलायची हौस असेल तर जरूरच. माझ्याकडचं कोल्बे मी चिमट्याने उचलून छळछावण्यांच्या पानावर नेलंय. तिथे अजून तरी कुणी मला हटकलेलं नाही.