बंदुकीसाठी ‘गाडीचा परवाना’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग या बाजूला ज्यांच्या घरी शेती संरक्षणाची बंदूक आहे त्यांनी हे नीट वाचा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा. ‘शस्त्र वाहन परवाना’ नावाचं एक लॅमिनेट केलेलं कार्ड विकलं जातंय. त्यावर तुमच्या गाडीचा नंबर असतो, वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का आणि सही. हे कार्ड गाडीत ठेवलं की बंदूक महाराष्ट्रात कुठेही न्या, कोणी विचारणार नाही, असं सांगून पैसे घेतले जातात.

असा परवाना अस्तित्वातच नाही. शस्त्र परवाना माणसाच्या नावाने निघतो आणि त्यावर त्या बंदुकीचा तपशील असतो. व्यापाऱ्यांच्या मालवाहतुकीची गोष्ट वेगळी. पण स्वतःच्या परवान्यावरची बंदूक स्वतःच्या गाडीतून न्यायला गाडीचा वेगळा परवाना काढावा लागत नाही. आमच्या काकांकडून या कार्डाचे साडेबारा हजार रुपये घेतले. पैसे गेले ते गेलेच, पण त्या कार्डावर विसंबून काकांना घरी ठेवून मी एकटा निघालो असतो तर आज कदाचित कोर्टाच्या तारखा मोजत असतो.

काकांची एकनळी बारा बोअर आहे. भाताला रानडुकरं येतात, काजूच्या हंगामात वानर आणि माकडं बाग धुऊन नेतात. काका बंदूक वापरतात ती बहुतेक वेळा नुसता बार काढायला. आवाज झाला की डुकरं पांगतात. विधानसभेच्या निवडणुकीत, २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऐन भातकापणीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती. परत मिळाली तेव्हा घोड्याची स्प्रिंग काम करेना. दुरुस्तीचं लायसन असलेला ओळखीचा कारागीर कोल्हापुरात. म्हणजे आंबोली घाट चढून, आजऱ्यावरून जायचं.

हे कार्ड विकणारा एजंट तहसील कार्यालयाबाहेर ताडपत्री टाकून बसायचा. आमच्या भागातले लोक त्याला वर्षानुवर्षं ओळखत होते. नूतनीकरणाचे अर्ज भरून देणं, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र ही त्याची कामं, आणि ती तो नीट करायचा. काकांचं मागचं नूतनीकरण त्यानेच करून दिलं होतं. खरी कामं केल्याने विश्वास बसतो, आणि कोणाच्या घरी कोणती बंदूक आहे, परवाना कधी संपतो, गाडी कोणती, हे सगळं त्याच्या वहीत आपोआप जमा होतं. निवडणुकीनंतर बंदुका परत न्यायला लोक आले, तेव्हा तो एकेकाला बाजूला घेऊन सांगत होता, “काका, आता नियम बदलले. गाडीत बंदूक सापडली तर गाडी पण जाते.”

त्याच्या बोलण्यात निम्मं खरं होतं. म्हणूनच लोक फसले.

नियम बदलले, हे खरं. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. आधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, त्या दोनवर आल्या. परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा वाढली. पण खासगी गाडीच्या परवान्याबद्दल त्या दुरुस्तीत एक ओळ नाही.

गाडी जाते, हेही खरं, पण गुन्हा झाला तरच, आणि विशेषतः शिकारीच्या गुन्ह्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३९ आहे. शिकारीसाठी वापरलेलं वाहन, हत्यार, सापळा सरकारजमा होतो. रात्री घाटात गाडीतून बॅटरी मारत फिरणाऱ्यांना ते लागू होतं. एजंटने त्या कायद्याची भीती घेऊन ती दुरुस्तीला बंदूक नेणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवली. सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्याने या दोन कायद्यांतला फरक कुठे शोधत बसायचा?

पैसे रोख घेतले. काकांनी पावती मागितली तर म्हणाला, “हे काम वरच्या वर होतं, पावतीत अडकलं तर महिने जातील.” सरकारी फी चलनाने भरली जाते आणि चलनाची प्रत आपल्या हातात येते. बंदुकीच्या कामात कोणी चलनाशिवाय पैसे मागितले तर तिथेच उठून या.

कार्ड आलं तेव्हा सोबत तोंडी सूचनाही आली : आता परवानाधारक बरोबर नसला तरी चालेल, गाडीचा नंबर जुळला म्हणजे झालं. ही सूचना साडेबारा हजारांपेक्षा घातक होती. काका मात्र ऐकेनात. “बंदूक माझ्या नावार आसा. मी इल्याशिवाय ती घराभायर जावची नाय,” म्हणाले आणि गुडघे दुखत असताना पुढच्या सीटवर येऊन बसले. बंदूक कॅनव्हासच्या खोळीत, काडतुसं घरी, मूळ परवाना काकांच्या खिशात.

आंबोलीत पोलिसांची तपासणी सुरू होती. हवालदारांनी डिकी उघडायला लावली, खोळ पाहिली, परवाना मागितला. तोवर सगळं शांतपणे चाललं होतं. मग मी ते कार्ड पुढे केलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी कार्ड उजेडाकडे धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. जावक क्रमांक नव्हता. तारखेखाली कार्यालयाचं नाव नव्हतं. आणि गोल शिक्क्यात ‘जिल्हादंडाधीकारी’ असं दीर्घ ‘धी’ने छापलं होतं. शिक्क्याच्या कडेची रेघ एका बाजूला पिक्सेलसारखी तुटली होती, म्हणजे तो उमटवलेला नव्हता, संगणकावरून छापलेला होता. “हे तुम्हाला कोणी दिलं?” एवढंच त्यांनी विचारलं. पुढचा सारा दिवस जबाबात गेला. बनावट सरकारी कागद आम्ही वापरला, असाच तो प्रसंग कागदावर दिसत होता. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, तसंच बनावट कागद खरा म्हणून वापरणाऱ्याला कलम ३४० आहे. आपण फसलो आहोत, हे पटवून द्यायची वेळ आमच्यावरच आली.

त्या दिवशी काका गाडीत होते म्हणून निभावलं. का, ते एका अधिकाऱ्यांनी कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं. शस्त्र कायद्याच्या कलम ३ मध्येच लिहिलंय : परवाना नसलेला माणूसही बंदूक नेऊ शकतो, पण परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, आणि तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या परवानाधारकाच्याच वापरासाठी. म्हणजे काका येऊ शकले नसते तरी साध्या कागदावर त्यांच्या सहीची चिठ्ठी मला लागली असती. बंदुकीचा नंबर, परवान्याचा नंबर, कोण नेतोय, कुठे, कशासाठी. त्यासाठी कुठेही पैसे भरावे लागत नाहीत. कायद्याने जे काम चिठ्ठीवर होतं, त्याच्या नावाखाली आम्हाला साडेबारा हजारांचं प्लास्टिक विकलं गेलं. आणि काका नसते, चिठ्ठी नसती, नुसतं कार्ड असतं, तर माझ्या हातातली बंदूक विनापरवाना ठरली असती. त्याला कलम २५ खाली आता किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि एजंटने ती मुद्दाम दडवली. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. काकांच्या परवान्यावर ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ आहे. आंबोली सिंधुदुर्गात, पण आजरा कोल्हापूर जिल्ह्यात. थोडं पुढे गेलो असतो तर काका शेजारी बसलेले असूनही परवान्याच्या अटीचा भंग झाला असता. कलम ३० प्रमाणे त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि परवाना रद्द होण्याची टांगती तलवार वेगळीच. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडून बंदूक गोव्यात नेणाऱ्यांनी तर हे कान देऊन ऐकावं. आपल्याकडे सासरमाहेर, बागायती, धंदा सगळं हद्दीच्या दोन्ही बाजूंना असतं, माणसं रोज ये-जा करतात, पण बंदुकीला ती हद्द आहे. क्षेत्र वाढवून हवं असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयात, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत, कारण लिहून अर्ज करावा लागतो. वाढ मिळाली तर ती परवान्यावर नोंदली जाते. वेगळ्या कार्डावर नाही.

नंतर कळलं की आम्ही एकटे नव्हतो. शेजारच्या गावातल्या एका माजी सैनिकाला, गनमनची नोकरी मिळेल म्हणून, परवान्यावर ‘ऑल इंडिया’, म्हणजे देशभर चालेल, असा शिक्का मारून दिला होता. अशा शिक्क्यांचा बाजार मोठा आहे. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात अपात्र लोकांना दिलेल्या परवान्यांचं प्रकरण सीबीआयकडे गेलं, तेव्हा २ लाख ७८ हजारांवर परवाने संशयाखाली आले. तिथे तर कार्यालयांतूनच कागद निघाले असा आरोप आहे. म्हणून कागदावरची राजमुद्रा पाहून समाधान मानू नका. प्रत्येक खऱ्या परवान्याला राष्ट्रीय डेटाबेसमधला युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे यूआयएन, असतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनंतर त्याशिवाय परवाना ग्राह्य धरत नाहीत. तुमच्या जुन्या पुस्तिकेवर तो चढवलेला नसेल तर आधी ते काम करा.

बंदूक गाडीतून नेताना आम्ही आता काय पाळतो तेही सांगतो. मूळ परवाना सोबत, कारण पोलिसांनी मागितल्यावर तो दाखवावाच लागतो. बंदूक पूर्ण झाकलेली, तिच्यासाठीच्या खोळीत. २०१६ च्या नियमांत लांब नळीच्या बंदुकीसाठी तसं सांगितलेलंच आहे, आणि ती आपल्या ताब्यात असली पाहिजे, हेही. नळी रिकामी, काडतुसं न्यायचीच असली तर वेगळ्या पिशवीत. गाडीत बंदूक ठेवून जेवायला उतरायचं नाही. वाटेत जत्रा असेल तर आधी बंदूक घरी, मग जत्रा. जत्रा, मिरवणूक, शाळा-कॉलेजचं आवार अशा ठिकाणी खास परवानगीशिवाय बंदूक नेऊ नये, ही परवान्याचीच अट आहे, आणि आपल्याकडे दिवाळीनंतर रोज कुठेतरी दशावतार उभा असतो. रात्रीचा घाट शक्यतो टाळतो. परवाना असला तरी संशयास्पद परिस्थितीत बंदूक नेणाऱ्याला कलम २० खाली वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि मध्यरात्री जंगलाच्या रस्त्यावर डिकीत बंदूक म्हटल्यावर संशय यायला फार काही लागत नाही.

पडताळणी होईपर्यंत बंदूक ठाण्यात राहिली. काजूचा हंगाम तसाच गेला. वरच्या अंगाच्या झाडांखाली माकडांनी चावून टाकलेली बोंडं आणि कोवळ्या बियांचा खच पडायचा. काका सकाळी जाऊन नुसते बघून यायचे. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. आयुष्यभर नियम पाळणाऱ्या माणसाची भीती विकून त्या एजंटने पैसे केले.

त्याच्यावर तक्रार दाखल आहे. ताडपत्रीची जागा आता रिकामी आहे, फोन बंद लागतो. तपास करणाऱ्यांचं म्हणणं आहे की एकाच कार्डावर प्रकरण कच्चं राहतं. ज्यांच्याकडे असं कार्ड आहे त्यांनी ते फाडू किंवा जाळू नका आणि गाडीत तर अजिबात ठेवू नका. कार्ड, पैसे कधी आणि कोणासमोर दिले त्याची टिपणं, त्या माणसाशी झालेले व्हॉट्सअॅपवरचे निरोप, असेल तसं सगळं घेऊन आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आपण होऊन कार्ड जमा केलं, ही नोंद तुमच्या बाजूने राहील. नाक्यावर ते तुमच्याकडे सापडलं तर हीच गोष्ट सांगणं फार अवघड जातं.